आशय-नियोजन (वेबपानाचे)

वेबपानाची मांडणी, रंगसंगती आणि चित्रे ठरविण्यापूर्वी त्यावर कोणता मजकूर, कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने द्यावयाचा, हे लिहून निश्चित करण्याच्या पद्धतीस आशय-नियोजन म्हणतात. वाचक त्या पानावर कोणत्या कामासाठी येणार, हे आधी ठरवून कच्चा मजकूर साध्या दस्तऐवजात लिहितात व त्यास एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या संकेतभाषेतील सहा शीर्षक-पातळ्यांपैकी लागतील तेवढ्या पातळ्या देतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर सारे काही एकाखाली एक येत असल्याने मांडणीची निम्मी भिस्त या क्रमावरच असते.

याउलट, आधी चौकटी आखून त्यांत ‘लोरेम इप्सम’ हा भरणा-मजकूर टाकण्याची रीत अद्याप रूढ आहे. सिसरो या रोमन विचारवंताच्या इ.स.पू. ४५ मधील ग्रंथाची मोडतोड करून बनविलेला हा लॅटिन मजकूर १९६० च्या दशकात लेट्रासेट या कंपनीच्या, घासून अक्षरे उमटविण्याच्या पत्रांमुळे सर्वत्र पसरला. देवनागरीसाठी तो फसवा ठरतो, कारण खऱ्या मराठी ओळी बसविल्यावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीतील वेलांटीला किंवा रफाराला भिडतो, आणि ठरलेले ओळींमधील अंतर नव्याने बांधावे लागते.

बडोद्यात (वडोदरा) अशा नियोजनात मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन भाषांचा मेळ घालावा लागतो. दांडिया बाजार परिसरातील एखाद्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे पान घेतले, तर कार्यकारिणीला अध्यक्षांचे मनोगत वर हवे असते. येणाऱ्याला मात्र दिवस, वेळ, स्थळ आणि प्रवेशिका कोठे मिळेल एवढेच पाहावयाचे असते. मनोगत खाली जावे, हेच रास्त. ही वाटाघाट रंगीत आराखड्यापुढे बसून करण्यापेक्षा कागदावर लवकर मिटते. बटणावरील ‘नाव नोंदवा’ ही सूचना तिन्ही भाषांत सारख्या लांबीची होत नाही. शिवाय गुजराती लिपीत शिरोरेषा नसल्याने तीच चौकट वेगळी दिसते. म्हणून तिन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवून सर्वांत लांब मसुद्याप्रमाणे जागा राखतात. पारिभाषिक शब्द आधी ठरवून घेण्याची सवय या शहराला जुनी आहे: सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राजवटीत १९३१ मध्ये राज्यकारभारातील संज्ञांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोश निघाला.

मजकुराची मुदत व ती संपल्यावर तो कोणी काढावयाचा, याचीही नोंद नियोजनात करतात. एरवी विसर्जनानंतरही महिनोन्‌महिने आरतीच्या वेळा पानावर तशाच राहतात.