लिख्टेनबर्गच्या कच्च्या वह्या

गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग (१७४२–९९) या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने व विचारवंताने १७६५ च्या सुमारापासून मरेपर्यंत लिहिलेल्या खाजगी टिपणवह्या. जर्मनमध्ये त्यांना ‘झूडेलब्यूशर’ म्हणतात. ही कल्पना त्याने व्यापाऱ्यांकडून उचलली. इंग्लंडमधले व्यापारी दिवसाची देवघेव घडेल तशी आधी कच्च्या वहीत खरडत, मग ती रोजकीर्दीत नीट उतरवीत आणि शेवटी खतावणीत खातेवार चढवीत. विद्वानांनीही असेच करावे, असे त्याने एका टिपणात म्हटले आहे. त्याची स्वतःची खतावणी मात्र झालीच नाही. कादंबरीचे बेत बेतच राहिले आणि नाव टिकले ते कच्च्या वह्यांमुळे.

डार्मश्टाटजवळच्या ओबर-रामश्टाट येथे एका पाद्र्याच्या घरात तो सतरावे अपत्य म्हणून जन्मला. लहानपणापासून त्याला कुबड होते. १७७० पासून तो ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होता आणि प्रयोग करून दाखवीत दिलेली त्याची व्याख्याने गाजत. राळेच्या थाळीवर विद्युत् विसर्जन झाले की तिच्यावर बसलेल्या धुळीत ताऱ्यांसारखी नक्षी उमटते, हे त्याने १७७७ मध्ये पाहिले. या आकृती आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. माणसे तपासण्याची त्याची रीतही अशीच होती. मनात काय चालले आहे ते दिसत नसले तरी एखाद्या किरकोळ चुकीत त्याची नक्षी उमटते, आणि तो ती टिपून ठेवी. एका टिपणातल्या गृहस्थाने ग्रीक महाकवी होमर इतका वाचला आहे की ‘आंगेनोमेन’ (गृहीत धरलेले) असे छापलेले दिसले तरी तो ‘आगामेम्नोन’ (होमरच्या काव्यातला राजा) वाचतो. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने विनोदावरील १९०५ च्या ग्रंथात याची दखल घेतली. जिथे विनोदावर हसून पुढे जायचे, तिथे त्याला मनाचा एक नियम दिसला.

या टिपणांतला पहिला बळी बहुधा लेखक स्वतःच असतो. सरपटणाऱ्या किड्याच्या दिशेवरूनही आपण नशिबाचा कौल घेतो, हे कबूल करून तो विचारतो, पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला हे शोभते का? विद्वत्तेच्या मिजाशीवरचे त्याचे चिमटे म्हणूनच बोचले तरी कडवट वाटत नाहीत. पुस्तक आणि डोके एकमेकांवर आपटून पोकळ आवाज आला, तर तो दर वेळी पुस्तकाचाच असतो काय, असा त्याचा एक प्रश्न आहे.

चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या, लाव्हाटर या स्विस पाद्र्याने लोकप्रिय केलेल्या शास्त्राविरुद्ध त्याने १७७८ मध्ये उघड लेखणी उचलली. हे शास्त्र खरे ठरले तर फाशीयोग्य कृत्य करण्याआधीच पोरांना फासावर चढवावे लागेल, असे त्याने वहीत लिहिले आहे. कुबडाकडे बघून लोक काय ताडतात याचा अनुभव घेतलेल्या माणसाचा हा राग असावा.

त्याला सुभाषितकार म्हणण्याची प्रथा आहे, पण ती फारशी पटत नाही. सुभाषित घासूनपुसून लोकांसमोर ठेवलेले असते. इथे अर्धी वाक्ये, प्रयोगांच्या नोंदी, दुखण्यांच्या तक्रारी आणि स्वप्ने एकाच पानावर नांदतात. ‘मी विचार करतो’ म्हणण्यापेक्षा, वीज चमकते म्हणतो तसे, ‘विचार होतो’ म्हणावे, ही ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या देकार्त या तत्त्वज्ञाला हादरा देणारी सूचनाही अशीच वाटेत भेटते. शोपेनहॉवर आणि नित्शे या तत्त्वज्ञांनी त्याला मानले ते अशा जागांसाठी.

वह्यांना लॅटिन अक्षरांची नावे आहेत. त्याच्या मृत्यूनंतर, १८०० पासून, भावाने व आणखी एका संपादकाने त्यांतील निवडक मजकूर छापला. पुढे जी आणि एच या वह्या व के वहीचा बहुतेक भाग हरवला. ज्या अमेरिकन माणसाने प्रथम कोलंबसाचा शोध लावला त्याला तो शोध चांगलाच महागात पडला, अशा आशयाचे प्रसिद्ध टिपण जी वहीतलेच आहे. त्या छापील निवडीत आल्यामुळेच ते वाचले.