गर्भाशयातील गाठींसाठी रक्ताची ‘जीन टेस्ट’ मागण्यापूर्वी

आईला फायब्रॉइड (गर्भाशयातील गाठी) होते, थोरल्या बहिणीची पिशवी काढावी लागली, तेव्हा धाकटीच्या रक्तातून जीनची (जनुकाची) तपासणी करून द्या, अशी मागणी आमच्या लॅबमध्ये वारंवार होते. अक्कलकोट किंवा बार्शीहून पहाटेची एसटी धरून उपाशीपोटी आलेल्या भगिनींना रक्त न घेता परत पाठवणे आम्हालाही जड जाते, म्हणून हे पत्रक.

आई किंवा सख्ख्या बहिणीला गाठी असल्यास आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते, हे खरेच आहे. परंतु गाठ ज्या जनुकीय बदलामुळे वाढते तो बहुतेक वेळा जन्मतः शरीरभर नसतो. गर्भाशयाच्या स्नायूतील एखाद्याच पेशीत तो पुढे केव्हातरी घडतो आणि त्या एका पेशीपासून सगळी गाठ तयार होते. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की, सुमारे ७० टक्के गाठींत एक्स गुणसूत्रावरील मेड-१२ या जनुकात बदल असतो. अन्य काही गाठींत एचएमजीए-२ हे जनुक प्रमाणाबाहेर सक्रिय झालेले आढळते. सुताचा गुंडा कापावा तशी पांढरट, वळणावळणांची दिसणारी ही गाठ हा बदल स्वतःपुरता बाळगते. दंडातून काढलेल्या रक्तात तो सापडत नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाठ होणार नाही, असे मुळीच नाही. त्यासाठी पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही.

अपवाद एफएच जनुकाचा. त्यातील दोष आईवडिलांकडून येतो, तो रक्तात दिसतो, आणि त्याच्यामुळे तरुण वयातच अनेक गाठी, त्वचेवर दुखऱ्या गुठळ्या व मूत्रपिंडाचा कर्करोग होऊ शकतो. काउंटरवर आम्ही “घरात कोणाला किडनीचा कॅन्सर होता का?” असे विचारतो ते याचसाठी. हा प्रश्न काहींना अपशकुनी वाटतो, काही जण सासरच्यांसमोर उत्तर टाळतात. पण नेमकी हीच माहिती दडली की योग्य तपासणी लांबणीवर पडते. उत्तर खासगीत द्यायचे असल्यास तसे सांगावे, आत स्वतंत्र खोली आहे.

शस्त्रक्रिया झाली असल्यास तुकडा तपासणीचा जुना रिपोर्ट सोबत आणावा. आमच्याकडे तपासलेल्या गाठींचे मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आम्ही जपून ठेवतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यास गाठीची पुढील जनुकीय तपासणी त्यांवरूनच होऊ शकते, त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही.