कार्टूनमधील समलिंगी पात्रे

कार्टून मालिका, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपट यांत समलिंगी व्यक्ती, त्यांचे प्रेम आणि त्यांची कुटुंबे यांचे जे सूचक किंवा उघड चित्रण झाले, त्याचा विचार या नोंदीत मुख्यतः अमेरिकेच्या आणि काही अंशी जपानच्या संदर्भात केला आहे. माध्यमाच्या स्वरूपामुळे या विषयाला एक वेगळेपण येते. नटाच्या चेहऱ्यावर एखादा भाव नकळत उमटून जातो. कार्टूनमध्ये नकळत काहीच घडत नाही. दोन पात्रांनी हातात हात घ्यायचा असेल, तर तो हात कोणाला तरी काढावा लागतो आणि कोणाला तरी मंजूर करावा लागतो. शिवाय चित्र आणि आवाज वेगवेगळे तयार होत असल्याने, दुसरा आवाज देऊन आणि दोन वाक्ये फिरवून पात्राचे लिंग किंवा नातेही बदलता येते. म्हणूनच हा इतिहास जितका काढलेल्या चित्रांचा आहे, तितकाच कापलेल्या दृश्यांचा आणि बदललेल्या संवादांचाही आहे.

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या आणि १९६८ पर्यंत टिकलेल्या निर्मितीसंहितेने, म्हणजे चित्रपटांत काय दाखवावे आणि काय दाखवू नये याच्या नियमावलीने, ‘लैंगिक विकृती’ पडद्यावर आणण्यास, इतकेच नव्हे तर ती सूचित करण्यासही मनाई केली होती, आणि समलिंगी प्रेम त्याच सदरात मोडत असे. उरली ती सोंगे. चक जोन्स यांच्या १९५७ च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ या लघुपटात बग्ज बनी सोनेरी वेण्या लावून, लठ्ठ पांढऱ्या घोड्यावर बसून नायिकेच्या थाटात येतो आणि त्याच्या मागावर असलेला शिकारी एल्मर फड त्याच्यावर भाळतो. स्त्रीवेष घेणे म्हणजे समलिंगी असणे नव्हे, हे बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. परंतु जे हसण्यावारी नेता येईल तेवढेच तेव्हा दाखवता येत होते, हे लक्षात घ्यावे लागते.

संहिता गेली तरी सूचकतेची सवय गेली नाही. लचकत चालणारा, नखरेल बोलणारा खलनायक हा तिचा नेहमीचा नमुना होता. डिस्नेच्या १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’मधील उर्सुला ही समुद्री चेटकीण डिव्हाइन या नावाने गाजलेल्या, स्त्रीवेषात भूमिका करणाऱ्या अमेरिकी कलावंतावरून बेतली होती. या चित्रपटाची गीते लिहिणारे हॉवर्ड अ‍ॅशमन स्वतः समलिंगी होते. मार्च १९९१ मध्ये एड्समुळे त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी आलेला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला. ज्या माणसाच्या शब्दांनी डिस्नेच्या चित्रपटांना पुन्हा उभारी दिली, त्याच्यासारख्या माणसाला त्या चित्रपटांत प्रेमिक म्हणून जागा नव्हती, ही गोष्ट वेदनादायक आहे.

प्रौढांसाठीच्या मालिकांत वाट थोडी लवकर मोकळी झाली. ‘द सिम्प्सन्स’च्या १९९७ मधील ‘होमर्स फोबिया’ या भागात होमरला आपला नवा मित्र समलिंगी आहे हे कळल्यावर वाटणारी धास्ती हाच कथाविषय होता. वाहिनीच्या सेन्सॉर विभागाने सुरुवातीला प्रक्षेपणास अयोग्य ठरवलेल्या या भागाला पुढे एमी पुरस्कार मिळाला.

जपानमध्ये याच सुमारास मुलींसाठीच्या मालिकांत अशी नाती अधिक मोकळेपणाने येत होती. ‘सेलर मून’मध्ये १९९४ साली आलेल्या हारुका आणि मिचिरू या दोघींचे प्रेम प्रेक्षकांपासून लपवलेले नव्हते. इंग्रजी डबिंगमध्ये मात्र त्यांना चुलत-मामे बहिणी करून टाकण्यात आले. चित्रे तीच राहिल्यामुळे नजरा प्रेमाच्या आणि संवाद बहिणींचे, असा विचित्र प्रकार घडला. त्याआधीच्या पर्वातील झोइसाइट या पुरुष पात्राला तर स्त्रीचा आवाज देऊन स्त्रीच करण्यात आले, कारण त्याचे प्रेम दुसऱ्या पुरुषावर होते. २०१४ पासून निघालेल्या नव्या इंग्रजी डबिंगमध्ये ही नाती मूळ स्वरूपात परत आली.

लहान मुलांच्या कार्यक्रमांत खरा वाद झाला तो २००५ मध्ये. ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम बस्टर’ या मालिकेतील बस्टर नावाचा ससा कॅमेरा घेऊन गावोगावी फिरतो आणि खऱ्याखुऱ्या मुलांना भेटतो. व्हरमाँट राज्यात मेपलच्या रसापासून साखर कशी करतात हे पाहायला तो गेला, तेव्हा त्याला भेटलेल्या मुलांना दोन आया होत्या. कथेत त्यावर भाष्य नव्हते. तरीही अमेरिकेच्या शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी आक्षेप घेतला आणि पीबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेने त्या भागाचे वितरण थांबवले. बस्टर हा मुळात ‘आर्थर’ या मालिकेतला. त्याच मालिकेत मे २०१९ मध्ये वर्गशिक्षक मिस्टर रॅटबर्न यांचे चॉकलेटचे दुकान चालवणाऱ्या पॅट्रिकशी लग्न लागले. अलाबामातील सार्वजनिक वाहिनीने तो भाग दाखवला नाही. कथेतल्या मुलांना शिक्षकांनी पुरुषाशी लग्न केल्याचे काहीच वाटत नाही. त्यांना अवघडल्यासारखे होते ते सर नाचू लागतात तेव्हा. मुलांच्या मनाचा इतका नेमका ठाव या विषयावरच्या फार थोड्या कथांनी घेतला आहे.

या दोन घटनांच्या दरम्यान बरेच काही बदलले होते. ‘पॅरानॉर्मन’ (२०१२) या चित्रपटाच्या शेवटी मिच हा पिळदार अंगाचा तरुण सहज बोलून जातो की आपला मित्र, म्हणजे प्रियकर, अमुक चित्रपटांचा चाहता आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही मालिका संपली ती कोरा आणि असामी या दोन तरुणी हातात हात घेऊन प्रकाशात शिरतात त्या दृश्यावर, आणि हे प्रेमच आहे असे निर्मात्यांनी काही दिवसांतच जाहीरपणे लिहिले.

सर्वांत दूरवरचा पल्ला गाठला तो रिबेका शुगर यांच्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ने. कार्टून नेटवर्कवर २०१३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत देह धारण केलेली रत्ने आहेत आणि दोन रत्ने एकरूप होऊन तिसरी व्यक्ती घडू शकते. गार्नेट ही धीरगंभीर योद्धी प्रत्यक्षात रूबी आणि सॅफायर, म्हणजे माणिक आणि नीलम, या दोघींच्या प्रेमातून साकारलेली आहे, हे २०१५ मध्ये उलगडते. प्रेम हा तिचा एखादा गुण नाही, तर तिचे अस्तित्वच आहे. त्यामुळे कात्री लावायची तर मालिकेतले एक मुख्य पात्रच पुसावे लागले असते. ६ जुलै २०१८ रोजी त्या दोघींचे लग्न दाखवले गेले. तापट, आडदांड रूबी पांढऱ्या झग्यात आणि शांत सॅफायर सूटमध्ये, अशी वेषभूषा केल्यामुळे दोघींपैकी एकीला पुरुषाचा आवाज देऊन वेळ मारून नेण्याची सोयही उरली नाही. अर्थात विरोध होतच राहिला. ब्रिटनमध्ये २०१६ साली याच मालिकेतील पर्ल आणि रोझ या दोन स्त्रीरूपी रत्नांच्या नृत्याचे दृश्य कापले गेले, तर केनियाच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने २०१७ मध्ये या मालिकेसह सहा कार्टून मालिकांवर बंदी घातली.

मोठ्या पडद्यावर याच प्रकारची ओढाताण चालू आहे. ‘ऑनवर्ड’ (२०२०) मधील एक पोलीस अधिकारी आपल्या ‘गर्लफ्रेंड’च्या मुलीबद्दल एकच वाक्य बोलते, रशियन डबिंगमध्ये तिथे ‘जोडीदार’ असा शब्द आला आणि काही अरब देशांनी चित्रपटच दाखवला नाही. ‘लाइटइयर’ (२०२२) मधून दोन स्त्रियांच्या चुंबनाचे दृश्य निर्मितीदरम्यानच वगळले गेले होते. पिक्सार या निर्मात्या स्टुडिओच्या कर्मचाऱ्यांनी उघड नाराजी व्यक्त केल्यानंतर ते परत आले, आणि संयुक्त अरब अमिरातीसह अनेक देशांत चित्रपटाला प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली.

योनास पोहेर रासमुसेन यांचा ‘फ्ली’ (२०२१) हा डॅनिश अ‍ॅनिमेटेड माहितीपट या सर्वांहून निराळा आहे. अफगाणिस्तानातून पळून आलेल्या एका समलिंगी निर्वासिताची ही खरी कहाणी असून, त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला ‘आमीन’ हे नाव आणि रेखाटलेला चेहरा दिला आहे. इथे चित्र लपवते ते केवळ माणसाला. त्याचे प्रेम लपवत नाही. ऑस्करच्या माहितीपट, अ‍ॅनिमेशनपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तिन्ही विभागांत एकाच वर्षी नामांकन मिळवणारा हा पहिला चित्रपट ठरला. त्यातील एका प्रसंगात आमीन आपल्या भावंडांना स्वतःविषयी सांगतो. थोरला भाऊ त्याला गाडीत बसवून घेऊन जातो. कुठे नेतो आहे, हे आमीनला कळत नाही. गाडी थांबते ती समलिंगी पुरुषांच्या एका क्लबपुढे; भाऊ त्याच्या हातात पैसे ठेवतो आणि आत जायला सांगतो.