खराब हवेतून पळून आलेली राजधानी

पणजीच्या मध्यवस्तीत जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांना आवर घालावा, असा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही युरोपातली फॅडं, आपल्याकडे समुद्राचा वारा आहे, सगळं वाहून जातं. गंमत अशी की पणजीला राजधानीचा मान मिळाला तोच हवेमुळे.

सोळाव्या शतकात मांडवीकाठचे गोवा शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, पूर्वेकडचे मोठे व्यापारी केंद्र होते. पण सांडपाणी जमिनीत मुरत होते आणि त्याच जमिनीतल्या विहिरींचे पाणी लोक पीत होते. पटकीच्या साथींमागून साथी आल्या, हिवताप तर कायमचाच. डास आणि हिवताप यांचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. दोष हवेला दिला जाई. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. १६९५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने जुने गोवे सोडून जवळच्या पानेलीला बस्तान हलवले. तिथेही निभाव लागेना, तेव्हा १७५९ मध्ये पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात. १८२७ ते १८३५ या काळात दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या पोर्तुगीज राज्यकर्त्याने पणजीच्या दलदली बुजवून सरळ रस्ते आखले. १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि १८४३ मध्ये पणजी ‘नोव्हा गोवा’ म्हणून अधिकृत राजधानी झाली. निदान अर्धवट चुकलेले होते, पण माणसे आजारी पडतात म्हणून राज्यकर्त्यांनी अख्खी राजधानी हलवली. त्या मानाने चार रस्त्यांवर काही गाड्यांना मज्जाव करणे ही किरकोळ बाब म्हणायची.

या आखणीत मोटार कुठेच नव्हती. उत्तरेला मांडवी, पूर्वेला ओरें खाडी, मधोमध आल्तिनची टेकडी. फोंतेन्यास आणि मळ्याच्या गल्ल्या माणसांसाठी आणि फार तर घोडागाडीसाठी. रायबंदरहून येणारा पाँत द लिन्यारीश हा बांध तर १६३० च्या दशकातला, आणि त्यावरून आजही बस जातात. मुक्तीनंतरही काही वर्षे नदीपलीकडच्या बेतीहून पणजीला यायचे तर गजोलीन म्हणजे छोटी मोटारलाँच, नाहीतर फेरीबोट हाच मार्ग होता. मांडवीवर पूल झाला आणि उत्तर गोव्याची मोटार थेट शहराच्या उंबऱ्यावर आली. तो पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा पुन्हा फेरीबोटींपुढे रांगा लागल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत ते त्या रांगांबद्दल अजून बोलतात.

दरम्यान सार्वजनिक वाहतुकीचे गाडे खाजगी बसवर चालले होते. १९७९ मध्ये अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पुढच्या वर्षी कदंब हे सरकारी बस महामंडळ उभे राहिले. तरी गावागावांतून पणजीला येणारा मोठा भार खाजगी मिनिबसवरच राहिला आणि त्या डिझेलच्या. संध्याकाळनंतर बस मिळेलच याची खात्री नाही, म्हणून घरटी एक स्कूटर झाली, मग दोन, मग कार. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदलेल्या वाहनांचा आकडाही आता त्याच घरात आहे. त्यात पर्यटकांच्या रेंट-अ-बाइक आणि रेंट-अ-कॅब. गर्दी वाढली की आपण नवा पूल बांधतो. २०१९ चा अटल सेतू वाहतूक शहरावरून परस्पर नेण्यासाठीच झाला.

शहरातून बाहेर मात्र दुसरेच काही गेले. वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ बांबोळीला गेले. वाहतुकीची कोंडी फुटावी म्हणून काही शाळा कुजिऱ्याला गेल्या. रुग्ण हलवले, मुले हलवली. वाहने होती तिथेच राहिली.

इतरत्र हा विचार कसा पुढे सरकला ते थोडक्यात. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुक्यात हजारो माणसे दगावली. तो धूर मुख्यतः कोळशाचा होता, पण ‘हवा हा आरोग्याचा प्रश्न आहे’ हे कायद्याला तिथून पटले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. वाहनांच्या बाबतीत सुरुवात स्वीडनने केली. १९९६ मध्ये स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि माल्मो या शहरांनी जुन्या, अवजड डिझेल वाहनांना मध्यवस्ती बंद केली. सगळ्या वाहनांना नव्हे, एवढे ध्यानात ठेवायला हवे. टोकियोने ऑक्टोबर २००३ पासून मानकांत न बसणारे डिझेल ट्रक आणि बस अडवल्या. लंडनने २००३ मध्ये आधी गर्दीवर आकार, म्हणजे शुल्क, लावला. धुरावरचा कडक आकार एप्रिल २०१९ मध्ये आला, आणि २०२३ मध्ये तो जवळजवळ सगळ्या शहराला लागू झाला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे बिंग फुटले: चाचणीत स्वच्छ ठरणाऱ्या गाड्या रस्त्यावर कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. ‘गाडी स्वच्छ आहे’ असे सांगणाऱ्या काचेवरच्या स्टिकरवर किती विसंबायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

भारतात आधी इंधन सुधारले, मग इंजिन. शिसेविरहित पेट्रोल देशभर २००० मध्ये आले. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. पुष्कळ रडारडीनंतर २००२ च्या अखेरीस तो पार पडला. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना देशभर बीएस-६ हे धुराचे मानक, म्हणजे पाचवी पायरी गाळून थेट सहावी. दिल्लीत जुन्या गाड्यांना बंदी आली ती मात्र वयावरून, डिझेलला दहा वर्षे आणि पेट्रोलला पंधरा. अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही हा नियम जुलै २०२५ मध्ये लागू झाला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांतच गुंडाळावा लागला. वय आणि धूर एक नव्हे. रोज पळणारी आठ वर्षांची मिनिबस आणि रविवारी चर्चपुरती निघणारी वीस वर्षांची मारुती यांत शहराला कुणाचा जाच जास्त, हे सांगायला तज्ज्ञ नको.

गोव्याने धुळीशी भांडण केलेले आहे, धुराशी फारसे नाही. कुडचडे, सांगे, रिवण भागातल्या लोकांनी खनिजवाहू ट्रक अडवले. वास्कोकरांचे कोळशाच्या भुकटीशी वैर जुने आहे. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाने माणसे खोकू लागली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः फिरून कामांची पाहणी केली. धूळ टेबलावर दिसते, म्हणून लोक चिडतात. डिझेलचा सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक, तो फडक्यावर येत नाही. समुद्राचा वारा दुपारी खरेच कामाला येतो, पण दोन्ही बाजूंना घरे असलेल्या अरुंद गल्लीत आणि हिवाळ्यातल्या पडेल हवेच्या सकाळी तो कुठे असतो? पीयूसी आहेच, पण ती पेट्रोल गाडीचा मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड तपासते आणि डिझेलच्या धुराचा गडदपणा. नायट्रोजन ऑक्साइड ती मोजतच नाही.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली राज्य सरकार एखाद्या भागात ठरावीक वाहनांना बंदी घालू शकते. कारणे दिली आहेत ती सार्वजनिक सुरक्षितता, सोय, किंवा रस्ता वा पूल यांचे स्वरूप. आरोग्य हा शब्द त्यात नाही. धुराची मानके आहेत ती १९८९ च्या नियमांत, आणि योगायोग असा की तिथेही नियम ११५ च. १९८१ च्या हवा कायद्याचे कलम २० राज्याला वाहनांच्या धुराबाबत सूचना देण्याचा अधिकार देते, पण त्या सूचना जातात वाहन नोंदणी खात्याला. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला नव्हे. म्हणून आपल्याकडे वाहनबंदी निघते ती कार्निव्हलसाठी, शिमगोत्सवासाठी, रस्त्याच्या कामासाठी. माणसांच्या छातीसाठी काढायची तर ‘सुरक्षितता’ या शब्दातच आरोग्य बसवावे लागेल.

कुणाला आधी थांबवायचे हा पुढचा प्रश्न. जुन्या मोटारसायकलवर भाड्याने माणसे पोचवून पोट भरणारा पायलट, पहाटे मार्केटात मासळी आणणारा टेम्पो, आणि आल्तिनवर एकट्यासाठी चढणारी सरकारी डिझेल गाडी हे तिघे एका यादीत येऊ शकत नाहीत. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमानेच रद्द होते, तेव्हा सुरुवात तिथून झालेलीच आहे. २०२४ पासून शहरातल्या मार्गांवर कदंबच्या विजेवरच्या बस फिरू लागल्या. खाजगी बसमालकांनी त्यांना विरोध केला. त्यांचे कर्ज, त्यांचे परवाने, त्यांचे वाहक-चालक हे सगळे त्या विरोधामागे आहे. पाटोच्या बसस्थानकावर हल्ली दोन्ही बस शेजारी उभ्या असतात, आणि मिनिबसचा चालक सीट भरेपर्यंत इंजिन बंद करत नाही.