साहेब ज्या ढिगावर उभे होते

अजिंठ्याला गेलात तर दहाव्या लेण्यात मान जरा वर करून बघा. शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी तिथल्या रंगचित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरं आज माणसाच्या डोक्याच्या वर आहेत, कारण तेव्हा लेण्यात काही फूट माती-दगड साचले होते आणि साहेब त्या ढिगावर उभे होते. ढीग पुढे उपसला गेला. नाव राहिलं, आणि ते घासून काढायचं तर खालचं चित्रही जाईल.

लातूरला ट्यूशनसाठी खोली घेऊन राहणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरांशी सोशल मीडियावरच्या पोस्टबद्दल बोलायचं झालं की मी हा ढीग सांगतो. मेसमधलं भांडण, कुणाची तरी टिंगल, टेस्टला मार्क कमी पडल्याचा राग. यावर उभं राहून पोरगं चार ओळी टाकतं. महिन्याभरात राग ओसरतो, भांडण मिटतं. ओळी तेवढ्या वर लटकत राहतात आणि वाचणाऱ्याला खालचा ढीग दिसत नाही. २०१७मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने किमान १० मुलांचे प्रवेश रद्द केले, ते फेसबुकच्या एका खासगी ग्रुपमधल्या अश्लील, विखारी मीम्समुळे. आपसातली गंमत, असंच त्यांना वाटलं असणार.

शिवाय दगडावरचं नाव एकच. फोटोच्या प्रती निघतात. कंपनीच्या सर्व्हरवरच्या प्रती कालांतराने पुसल्या जातीलही. खरी अडचण मित्राच्या खिशात असते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवस करता येतं. पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला असेल, फॉरवर्ड केलं असेल, तर त्या प्रतीवर तुमचं बटण चालत नाही. अठरा वर्षांखालच्यांचे नग्न फोटो पसरू नयेत म्हणून २०२३पासून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सोय आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा आकड्यांत काढलेला ठसा तेवढा पुढे जातो आणि सहभागी कंपन्या जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट मात्र पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे हा ठसा जुळवता येत नाही.

पोरांना हे कळत नाही असं नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवून फोटो दाखवले होते. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाने सुखावणारा भाग जास्त सक्रिय व्हायचा. सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडतच असतो. अशा मेंदूपुढे “पुढे नोकरी मिळणार नाही बरं का” हे आपलं भाषण फार टिकत नाही.

म्हणून मी एक खेळ घेतो. ग्रुपमधली एखादी ओळ, लिहिणाऱ्याला विचारून, मागचं-पुढचं काढून फळ्यावर लिहायची आणि तो मुलगा कसा असेल ते बाकीच्यांनी सांगायचं. दोन-तीन जणांचं सांगून होईस्तोवर लिहिणाराच उठतो, “सर, तसं नव्हतं ते!”