अंतर मोजण्याच्या दोन तऱ्हा: रेंजफाइंडर आणि खिशातला कॉम्पॅक्ट

गळ्यात अडकवायचा रेंजफाइंडर कॅमेरा आणि खिशात मावणारा कॉम्पॅक्ट यांची तुलना निघाली, की बोलणं लगेच सेन्सरच्या आकारावर जातं. सेन्सर महत्त्वाचा आहेच, त्याकडे येऊ. पण या दोघांच्या मुळाशी मला एक जुना, साधा प्रश्न दिसतो: समोरचा माणूस किती लांब उभा आहे, हे कॅमेऱ्याला कळतं कसं? नेमक्या त्या अंतरावर फोकस करायचं, तर ते अंतर कुणीतरी मोजायला हवं. रेंजफाइंडर ते एका तऱ्हेने मोजतो, कॉम्पॅक्ट दुसऱ्या. दोघांचं आकारमान, त्यांच्या लेन्स, त्यांनी काढलेल्या फोटोंचा स्वभाव, यातलं बरंच काही या मोजणीशी बांधलेलं आहे.

हात समोर लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा उडी मारतो. तोच अंगठा नाकाजवळ आणला, की उडी मोठी होते. एकच वस्तू दोन ठिकाणांहून पाहिली तर वेगवेगळ्या दिशेला दिसते आणि वस्तू जितकी जवळ, तितका दिशांमधला फरक मोठा. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ जवळच्या ताऱ्यांची अंतरं याच युक्तीने काढतात. तिथे त्रिकोणाचा पाया, म्हणजे पाहण्याच्या दोन ठिकाणांमधलं अंतर, पृथ्वीच्या कक्षेच्या व्यासाएवढा असतो. लायका या जर्मन ब्रँडच्या एम मालिकेतल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत हा पाया सुमारे ६९ मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून थोडाच जास्त.

कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला दोन खिडक्या दिसतात. मोठ्या खिडकीतून छायाचित्रकार दृश्य पाहतो. लहान खिडकीतून आत आलेला प्रकाश वळवून त्याच दृश्याच्या मधोमध, एका छोट्या उजळ चौकोनात आणलेला असतो. फोकस चुकलेला असेल तर त्या चौकोनात वस्तू दुहेरी दिसते. लेन्सवरची रिंग फिरवली, की लेन्सची मागची कड बॉडीतल्या एका छोट्या रोलरला ढकलते, रोलरचा दांडा हलतो आणि दुसरी प्रतिमा सरकत जाऊन पहिलीवर बसते. दोन्ही एक झाल्या, की फोकस झाला. या सगळ्यात मोटर नाही आणि बॅटरीही लागत नाही.

यातले कोन फार लहान असतात. १ मीटरवरच्या वस्तूसाठी जवळपास ४ अंश, १० मीटरवर ०.४ अंश, २० मीटरवर ०.२ अंश. एवढे बारीक फरक उघड्या डोळ्याने कसे पकडायचे? इथे आपल्या दृष्टीची एक विलक्षण ताकद कामी येते. शेजारचे दोन ठिपके वेगळे ओळखायला आपल्याला त्यांच्यात साधारण १ मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन लागतो. पण दोन रेघा एकमेकींच्या सरळ रेषेत आहेत की सरकलेल्या, हे ओळखताना तेच डोळे त्याच्या कित्येक पट बारीक फरक टिपतात. हा फरक डोळ्याच्या पडद्यावरच्या दोन पेशींमधल्या अंतरापेक्षाही लहान असू शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपरवर जुळलेली रेघ शोधताना हीच क्षमता वापरली जाते. रेंजफाइंडर बनवणाऱ्यांनी डोळ्याला त्याला सर्वांत चांगलं जमणारं काम दिलं, आणि म्हणूनच खांबाची कड, दाराची चौकट, चष्म्याची काडी अशी उभी रेघ सापडली की फोकस चटकन होतो.

रेंजफाइंडरमधली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट थोड्या हिशोबाने कळते. १९८४ च्या लायका एम६ मध्ये पाया ६९.२५ मिलिमीटर आणि व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे दृश्य पाहायच्या खिडकीचं, वर्धन ०.७२, म्हणजे प्रत्यक्ष उपयोगी पडणारा पाया सुमारे ५० मिलिमीटर. प्रतिमा जुळवताना डोळ्याची चूक अर्ध्या मिनिटाची होते असं धरलं, तर २ मीटरवर अंतराची चूक साधारण १.२ सेंटिमीटर येते आणि १० मीटरवर २९ सेंटिमीटर. अंतर पाचपट, चूक पंचवीसपट. ऐकायला वाईट वाटतं. पण फोटोत जेवढी खोली सुस्पष्ट दिसते, ती डेप्थ ऑफ फील्डसुद्धा याच प्रमाणात वाढते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर उघडी असेल (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं) आणि नेहमीच्या आकाराचा प्रिंट काढायचा असेल, तर २ मीटरवर ही खोली सुमारे १३ सेंटिमीटर असते आणि १० मीटरवर सुमारे साडेतीन मीटर. मोजमापातली चूक आणि ती पोटात घालणारी खोली, दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. त्यामुळे एखाद्या लेन्सला हा रेंजफाइंडर २ मीटरवर पुरला, तर तो १० मीटरवरही पुरतो.

अडचण येते ती लेन्स बदलल्यावर. फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सच्या नावातला तो मिलिमीटरचा आकडा, दुप्पट केली, की तेवढ्याच अंतरावरची सुस्पष्ट खोली चौथाईवर येते, पाया मात्र तेवढाच राहतो. २०० मिलिमीटर एफ/४ च्या लेन्सला वरचाच हिशोब लावला, तर होणारी चूक आणि परवडणारी चूक जवळपास सारख्याच निघतात. म्हणून एम मालिकेच्या व्ह्यूफाइंडरमधल्या, फोटोत किती दृश्य येणार हे दाखवणाऱ्या चौकटी १३५ मिलिमीटरला संपतात. पक्षी आणि मैदानी खेळ टिपणाऱ्यांनी या कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली, त्याचं मूळ या भूमितीत आहे.

गंमत म्हणजे आज व्यावसायिकांचा समजला जाणारा हा कॅमेरा जन्मला तेव्हा तोच खिशातला कॅमेरा होता. जर्मनीतल्या वेत्झलार इथल्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनाक यांनी १९१४ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. त्याची लेन्स काम झालं की आत ढकलून बसवता येई, अगदी आजच्या कॉम्पॅक्टसारखी. त्यात रेंजफाइंडर नव्हता. अंतर अंदाजाने लावायचं किंवा वेगळं उपकरण वापरून मोजायचं. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ च्या लायका II मध्ये आला, आणि दृश्य पाहणं व अंतर जुळवणं एकाच खिडकीतून होऊ लागलं ते १९५४ च्या एम३ मध्ये.

बाजारातले सगळे ‘रेंजफाइंडर’ मात्र खरे रेंजफाइंडर नाहीत. फुजीफिल्मचा २०१२ चा एक्स-प्रो१ घ्या. कोपऱ्यात खिडकी, चपटी बॉडी, वर डायल, रूप सगळं तेच. पण अंतर मोजणारी दुसरी खिडकी नाही. फोकस सेन्सरवरून ठरतो. हा कॅमेरा उत्तम आहे, मात्र मोजणीच्या बाबतीत तो कॉम्पॅक्टच्या गोटातला आहे. घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावं, कारण वरवर पाहून ते कळत नाही.

आता कॉम्पॅक्ट. उदाहरणाला सोनीचा २०१२ चा आरएक्स१०० घेऊ: बॅटरीसह वजन २४० ग्रॅम, सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर. लायका एम९ पासूनच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे साडेसातपट. पण प्रकाश किती आत येतो हे लेन्सच्या उघड्या भोकावर ठरतं, म्हणून मी सेन्सरपेक्षा त्याकडे आधी पाहतो. आरएक्स१०० ची लेन्स सर्वांत रुंद कोनात १०.४ मिलिमीटर, एफ/१.८, भोकाचा व्यास सुमारे ५.८ मिलिमीटर. तेवढंच दृश्य टिपणारी मोठ्या कॅमेऱ्याची २८ मिलिमीटर एफ/२ लेन्स १४ मिलिमीटरचं भोक उघडते. तेवढ्याच वेळात तिच्यातून जवळपास सहापट प्रकाश आत येतो.

सहापट प्रकाशामुळे फोटो सहापट स्वच्छ होत नाही. प्रकाशकण ठरावीक तालात येत नाहीत, त्यांच्या येण्यात चढउतार असतो आणि तो चढउतार कणांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०,००० कण जमले तर चढउतार १०० चा, म्हणजे शेकडा १. फक्त १०० कण जमले तर चढउतार १० चा, म्हणजे शेकडा १०. अंधाऱ्या फोटोतले दाणे मुख्यतः हेच असतात. सहापट प्रकाशाने स्वच्छता सुमारे अडीचपट वाढते. भर उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांना भरपूर कण मिळतात, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर त्यांचे फोटो शेजारी ठेवले तर ओळखणं कठीण जातं. रात्री, दिव्याच्या उजेडात हलणाऱ्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर फरक लपत नाही. दृश्य स्थिर असेल तर मात्र कॉम्पॅक्टची भरपाई होते: त्याच्यात कंप रोखणारी यंत्रणा असते, शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, एम कॅमेऱ्यांत ती नाही.

फोकसकडे परत येऊ. सुरुवातीचे डिजिटल कॉम्पॅक्ट लेन्स पुढेमागे हलवून चित्रातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, सर्वांत जास्त कुठे आहे ते शोधत. कोणत्या दिशेला जायचं हे आधी कळत नाही, म्हणून लेन्स चाचपडते. नव्या कॉम्पॅक्टमध्ये सेन्सरवरच काही पिक्सेल असे असतात, की त्यांच्यातल्या काहींना लेन्सच्या डाव्या अर्ध्या भागातून आलेलाच प्रकाश दिसतो आणि काहींना उजव्या. फोकस चुकला असेल तर या दोन प्रतिमा एकमेकींपासून सरकलेल्या असतात. किती आणि कोणत्या बाजूला, यावरून लेन्स कुठे न्यायची ते एका फटक्यात ठरतं. म्हणजे हासुद्धा रेंजफाइंडरच झाला. दोन खिडक्यांऐवजी एकाच लेन्सचे दोन अर्धे, आणि पाया ६९ मिलिमीटरऐवजी लेन्सच्या भोकाच्या निम्म्याहून कमी, आरएक्स१०० एवढ्या भोकासाठी अडीच मिलिमीटरच्या आसपास.

एवढ्या छोट्या पायावर काम भागतं, कारण त्याच छोट्या भोकामुळे सुस्पष्ट खोलीही भरपूर मिळते. फोकस चुकल्यावर एखादा ठिपका जेवढा पसरतो, त्याच प्रमाणात त्या दोन प्रतिमा एकमेकींपासून सरकतात. ठिपका पसरल्याचं दिसत नसेल, तर सरकणंही मोजण्याची गरज उरत नाही. म्हणूनच कॉम्पॅक्टमधून पार्श्वभूमी हवी तशी धूसर करता येत नाही. आरएक्स१०० च्या सेन्सरवर एफ/२.८ ची सुस्पष्ट खोली मोठ्या सेन्सरवरच्या साधारण एफ/८ एवढी असते. मागचं सगळं लोण्यासारखं वितळून जावं असं वाटणाऱ्यांना ही उणीव वाटेल. गर्दीतला प्रसंग टिपणाऱ्याला मात्र हीच सोय आहे.

रिको जीआर मालिकेतली ‘स्नॅप फोकस’ ही सोय नेमकी यावर उभी आहे. २०१९ च्या जीआर III मध्ये सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे आरएक्स१०० आणि एम यांच्या मधल्या मापाचा, लेन्स १८.३ मिलिमीटरची. एफ/५.६ वर अंतर २.५ मीटरला बांधून ठेवलं, तर साधारण १.४ मीटरपासून १५ मीटरपर्यंत सगळं सुस्पष्ट येतं. बटण दाबायचं, बस. मोजणी टाळणं हीच इथली सर्वांत वेगवान मोजणी ठरते.

दोन्ही घराणी एकत्र आली ती १९७९ च्या ऑलिंपस एक्सए मध्ये. योशिहिसा मायतानी यांनी घडवलेल्या या फिल्म कॅमेऱ्याचं सरकतं झाकण उघडलं, की आत खराखुरा, लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर. एवढ्याशा बॉडीत दोन खिडक्यांमधलं अंतर फारच कमी पडतं. पण लेन्स ३५ मिलिमीटर एफ/२.८ ची होती. ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या तुलनेत तिला एकचतुर्थांश अचूकता पुरे. मायतानींनी लेन्सची भूक ओळखून तेवढाच पाया दिला. मला हा आजवरच्या सर्वांत समजूतदार कॅमेऱ्यांपैकी एक वाटतो.

डोळ्यांना येणारा अनुभव दोन्हींत वेगळा आहे. रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे कोण आत शिरणार आहे ते आधी कळतं, आणि फोटो निघताना दृश्य काळं होत नाही. उलट, खिडकी लेन्सच्या शेजारी असल्याने जवळच्या विषयाची चौकट पूर्ण अचूक बसत नाही, आणि पार्श्वभूमी किती धूसर येणार हे फोटो काढल्याशिवाय दिसत नाही. कॉम्पॅक्टचा पडदा सेन्सरला जे दिसतं तेच दाखवतो, फक्त क्षणभर उशिरा.

बिघाडही आपापल्या रचनेप्रमाणे होतात. कॉम्पॅक्टची लेन्स आत-बाहेर होताना धूळ ओढून घेते. ती सेन्सरवर बसली तर कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही. रेंजफाइंडरचा दुखरा भाग म्हणजे तो रोलर आणि त्याचा दांडा. धक्क्याने तो किंचित सरकला, तर खिडकीत प्रतिमा तंतोतंत जुळलेली दिसते आणि फोटो मात्र पुढे-मागे फोकस झालेला येतो. २०२२ च्या एम११ सारख्या ६० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर मोठं करून पाहिलं, की फिल्मवर खपून गेलेली चूकही उघडी पडते.

जुना रेंजफाइंडर घेताना म्हणून एक चाचणी जरूर करा. कॅमेरा तिवईवर लावा, साधारण १ मीटरवर एक मोजपट्टी तिरकी मांडा आणि मधल्या एका ठळक रेघेवर प्रतिमा जुळवा. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. दर वेळी रिंग फिरवून फोकस नव्याने जुळवत असेच आणखी काही फोटो काढा. सुस्पष्ट पट्टा कधी पुढे, कधी मागे पडत असेल तर हात अजून बसलेला नाही. तो दर वेळी एकाच बाजूला पडत असेल तर दुसरी लेन्स लावून पाहा: तिच्यातही तसंच झालं तर बॉडीचा रोलर जुळवून घ्यावा लागेल, आणि दुसरी बरोबर आली तर दोष पहिल्या लेन्सचा आहे.