गेमिंग कॉम्प्युटर बनवायचा आहे? आधी घरची लाईन पाहा, मग ग्राफिक कार्ड

दिवाळीच्या टायमाला सोयाबीन विकलं की आमच्या दुकानात पोरगा अन् बाबा दोघं येतात. पोराच्या मोबाईलात पार्टची लिस्ट असते, यूट्यूबवर पाहून बनवलेली, अन् बाबांचा एकच प्रश्न असतो, यातलं कमी काय होईल. हा कागद त्या दोघांसाठी आहे. लिस्ट बहुतेक वेळा चांगलीच असते हो, पण ती पुण्या-मुंबईच्या एसी रूमची असते. आपल्या इकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही, वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं अन् मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, म्हणून आम्ही हिशोब एसएमपीएसपासून सुरू करतो.

एसएमपीएस म्हणजे घरची लाईन घेऊन आतल्या पार्टला १२ व्होल्ट देणारा डबा. पैसे वाचवायचे म्हटलं की लोक पहिले यालाच कात्री लावतात. कॅबिनेटसोबत फुकट येतो त्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण गेमचा लोड आला की तो टिकेल याचा भरवसा नाही, अन् जळला तर कधी कधी मदरबोर्ड (ज्यावर सगळे पार्ट बसतात तो) अन् कार्ड घेऊन जळतो. सुरुवातीला आम्ही पण एकाच्या आग्रहाखातर तसा लावून दिला होता, उन्हाळ्यात डीपीवर गडबड झाली अन् पोराचा अख्खा सेट गेला. त्या दिवसापासून गेमिंग सेटला तसा डबा लावणं बंद केलं. ८० प्लस ब्रॉन्झवाला ४५० किंवा ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्या. ८० प्लस म्हणजे करंट वाया कमी जातो एवढंच, मजबुतीचं ते सर्टिफिकेट नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे तेही पाहा. ७५० वॅटची गरज नाही, आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॅटच घेते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार गावावरून लय येते. पार्ट खराब नसतो, घरी अर्थिंग नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधला बारीक करंट जमिनीत जायला पायजे, रस्ता नाही भेटला की तो पत्र्यावर येतो. वायरमनला बोलवा, खड्डा करून मीठ-कोळसा टाकून अर्थिंग करून घ्या, मगच सेट लावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देते, तो लाईन गेल्यावर गेम सेव्ह करून सेट नीट बंद करायला आहे, खेळत बसायला नाही.

आता कार्ड, म्हणजे गेमचं चित्र स्क्रीनवर काढणारा पार्ट. उरलेल्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा यातच टाका, पण पहिले सांगा खेळायचं काय. व्हॅलोरंट ही हलकी गेमच खेळायची असेल तर यंदा कार्डच घेऊ नका, रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या, त्यात ग्राफिक आतच आहे. फक्त रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावा, १६ ची एक नको, कारण ते ग्राफिक रॅममधूनच काम करते अन् दोन पट्ट्यांनी रस्ता डबल होतो, फरक डोळ्यांनी दिसतो. पुढच्या हंगामात कार्ड टाकता येते, तेव्हा मात्र ६५०० एक्सटी नको, त्याला डेटा यायला-जायला चारच लेन म्हणजे रस्ते आहेत अन् ५६००जी जुन्या, कमी स्पीडच्या जेन थ्रीवर चालतो, कार्ड अर्ध्यात अडकते. मोठ्या गेम फुल एचडीवर चांगल्या सेटिंगला पायजेत तर आय थ्री १२१००एफ प्रोसेसर अन् ८ जीबी मेमरीचं कार्ड. हा "एफ" ध्यानात ठेवा, त्यात ग्राफिक नसते. कार्ड वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत स्क्रीन काळी.

एक कळकळीची विनंती, "आय सेव्हन आहे, स्वस्तात देऊन राहिले" म्हणून जुना सेट उचलू नका. आय सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११ चा आहे. त्यावर विंडोज ११ ला सपोर्ट नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, अन् व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० अन् सिक्युअर बूट (कॉम्प्युटरच्या आतल्या सुरक्षेच्या सोयी) मागते. नावावर जाऊ नका, जनरेशन विचारा. पैसे देण्याआधी आम्हाला फोटो पाठवला तरी चालेल, आमच्याकडून घ्या नका घेऊ, आम्ही खरं ते सांगू.

लाइटीवाले फॅन नंतर टाका. समोर जाळी असलेलं कॅबिनेट अन् ५०० जीबीची एनव्हीएमई (फास्ट स्टोरेजची पट्टी) पहिले, जीटीए फाईव्ह ही गेम एकटीच शंभर जीबीच्या आसपास जागा खाते.

सेट टिनाखाली ठेवत असाल तर भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. कूलरच्या तोंडासमोर बिलकुल नको, ओली हवा आत जाते, बोर्डाला गंज धरते. अन् ज्या खोलीत कापूस भरला त्या खोलीत तर नकोच, त्याचे तंतू फॅनात अन् जाळीत गच्च बसतात. सीझनमध्ये महिन्यातून एकदा घेऊन या, ब्लोअर मारून देतो, आमच्या सेटला पैसे नाही.

भाव या कागदावर टाकले नाहीत, रॅमचे तर आठवड्याला बदलून राहिले. येताना तीन गोष्टी आणा, कोणत्या गेम खेळायच्या ते, दुसऱ्या दुकानाचं कोटेशन असेल तर ते, अन् घरी भिंतीवरच्या ज्या लाईटच्या बोर्डात पिन लावणार त्याचा फोटो.